कुमारी एग्लंटाइन जेब

कुमारी जेब यांचा जन्म १८७६ साली इंग्लंडात झाला. पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांच्या नाकेबंदीमुळे शत्रुदेशांतील मुले उपाशी मरत होती. त्यांची दैना सांगणारी पत्रके वाटल्याबद्दल १९१९ साली लंडनात बाईंस दंड झाला. तरी त्याच वर्षी भगिनीसह त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ स्थापिला. हे ओझे एका संस्थेस पेलणारे नाही, हे जाणून, स्वतः प्रॉटेस्टंट असताही त्यांनी पोपसाहेबांचे साहाय्य मागितले व मिळविले. आणि १९२० साली जिनीव्हा येथे निरनिराळ्या देशांतील संस्थांचा संघ उभारिला. पुढे रशियातील दुष्काळात डॉ. नान्सेन यांच्या छत्राखाली फंडाने साराटोव्ह प्रांतातील मुलांस जेवू घातले. १९२८ साली जिनीव्हा येथेच बाई निवर्तल्या. भुकेल्या लेकरास भाकर देताना दात्यांनी आपसांतील भिंती आड येऊ देऊ नयेत, हा धडा आम्ही त्यांच्या चरित्रावरून घेतो.