एमिल झाटोपेक : एका धांवणाऱ्याचें चरित्र

धांवण्याच्या किंवा सायकलीच्या शर्यतीसाठीं मेहनत करणाऱ्या तरुणांस एक अडचण चांगली ठाऊक असते. ठराविक अंतर वेगानें कापावें, मग थोडा वेळ सावकाश चालून दम घ्यावा, व लागलीच पुन्हां तेंच अंतर तितक्याच वेगानें कापावें, अशा प्रकारची जी मेहनत असते, ती शरीरास फार लाभदायक असली तरी मनास फार जड जाते. पहिल्या दोन-तीन खेपा उत्साहांत निघून जातात. पांचव्या-सहाव्या खेपेस पाय भरून येतात, छाती भात्यासारखी चालूं लागते, आणि आज एवढ्यावरच थांबलें तर कोणाचें काय बिघडणार आहे, असा विचार मनांत डोकावतो. पहिल्या आठवड्यांत मोठ्या हौसेनें मैदानावर येणारे आणि तिसऱ्या आठवड्यांत दिसेनासे होणारे तरुण आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस दोष देत बसण्यापेक्षां, ज्या मनुष्यानें ही मेहनत आपल्या काळच्या सर्व धांवणाऱ्यांपेक्षां अधिक केली, त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, हें आम्हांस बरें वाटतें.

एमिल झाटोपेक याचा जन्म ता. १९ सप्टेंबर १९२२ रोजीं त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकिया देशांत, मोराव्हिया प्रांतांतील कोप्रिव्निचे नांवाच्या गांवीं झाला. बाप सुतारकाम करीत असे. घरांत मुलें पुष्कळ, आणि मिळकत बेताची. सोळाव्या वर्षीं एमिल झ्लीन येथील बाटा कंपनीच्या जोड्यांच्या कारखान्यांत कामास लागला. या कंपनीचे जोडे आपल्या देशांतही गांवोगांव पोंचलेले असल्यामुळें तिचें नांव वाचकांस परकें वाटणार नाहीं. लहानपणीं त्यास धांवण्याची विशेष आवड होती असें नाहीं. इ. स. १९४१ त कारखान्यांतील व्यायाम-शिक्षकानें चार मुलांकडे बोट दाखवून त्यांस एका शर्यतींत धांवण्याची आज्ञा केली. त्यांत हाही होता. आपण अशक्त आहों, आपणांस हें झेपणार नाहीं, अशी सबब त्यानें सांगितली. शिक्षकानें त्यास डॉक्टराकडे पाठविलें, आणि डॉक्टरानें तर प्रकृति उत्तम असल्याचा निर्वाळा दिला! निरुपाय होऊन तो धांवला, व सुमारें शंभर मुलांत दुसरा आला. पुढें ज्याचें नांव जगांतील प्रत्येक मैदानावर घेतलें गेलें, त्याची सुरुवात अशी टाळाटाळीनें झाली, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

त्या काळीं लांब पल्ल्याचे धांवणारे बहुधा लांब अंतर एका संथ चालीनें धांवूनच तयारी करीत. अंतराचे तुकडे पाडून मेहनत करण्याची रीत अगदींच अज्ञात होती असें नाहीं. जर्मनींत फ्रायबुर्ग येथें वोल्डेमार गेर्शलर नांवाचा शिक्षक व हर्बर्ट राइन्डेल नांवाचा डॉक्टर यांनीं तिचा शास्त्रीय विचार केला होता. धांवतांना हृदयाचे ठोके मिनिटास १८० पर्यंत चढूं द्यावे, विसाव्यांत ते १२० पर्यंत उतरूं द्यावे, आणि मग पुन्हां निघावें, म्हणजे हृदयाचें बळ वाढतें, असें त्यांचें म्हणणें होतें. झाटोपेकनें आपली रीत बहुतांशीं स्वतःच बसविली. त्याचा तर्क साधा होता. सावकाश धांवणें आपणांस येतेंच. जें येत नाहीं तें वेगानें धांवणें होय. तेव्हां सराव करावयाचा तो वेगाचा केला पाहिजे, आणि वेग एकदम लांबवर टिकत नाहीं म्हणून तो थोड्या थोड्या अंतरानें, पण पुष्कळ वेळां, केला पाहिजे.

इ. स. १९४८ च्या सुमारास त्याचा पाठ असा असे : २०० मीटरांच्या पांच खेपा, मग ४०० मीटरांच्या वीस, आणि शेवटीं पुन्हां २०० मीटरांच्या पांच, दर दोन खेपांमध्यें सुमारें २०० मीटर हळू धांवणें. हिशेब केला असतां वेगाचें धांवणेंच दहा किलोमीटर भरतें, आणि मधलें धरलें तर पंधरा किलोमीटरांच्या वर जातें. पुढें ४०० मीटरांच्या खेपा विसांच्या चाळीस झाल्या. इ. स. १९५४ त तर कांहीं दिवस त्यानें सकाळीं पन्नास व सायंकाळीं पन्नास अशा शंभर खेपा केल्या. नवशिक्यानें या आंकड्यांस भुलून त्याची नक्कल करूं नये. चार-सहा खेपांनीं आरंभ करून महिन्यांमागून महिने थोड्या थोड्या वाढवाव्या, हेंच हिताचें. झाटोपेकही एका दिवसांत शंभरावर पोंचला नव्हता. त्यास तेरा वर्षें लागलीं.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, त्याचें मन कंटाळत कसें नसे? आम्हांस त्याच्या चरित्रांत दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, शंभर खेपा करणारा मनुष्य शंभर खेपा कधींच धांवत नाहीं. तो प्रत्येक वेळीं एकच फेरी धांवतो. ती फेरी एक मिनिट व कांहीं सेकंदांची. तेवढा वेळ मन आवरून धरणें कोणासही शक्य असतें, आणि फेरी संपतांच विसावा ठेवलेलाच असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, त्यानें या कष्टांचा खेळ करून टाकला होता. महायुद्ध संपल्यावर तो सैन्यांत गेला. तेथें बर्फ पडो कीं अंधार पडो, त्याचें धांवणें चुकत नसे. पायांत शिपायाचे जड बूट घालून तो रानांतून धांवे, कारण तेच बूट काढून शर्यतीचे हलके जोडे घातले म्हणजे पाय आपोआप उडतील असें त्यास वाटे. रात्रीं धांवावयाचें तर हातांत विजेची बत्ती घेई. घरीं धुणें सांचलें तर तें स्नानाच्या टबांत भिजत घालून त्यावर जागच्या जागीं धांवत असे, असें सांगतात. म्हणजे कपडेही धुतले जात व सरावही होई! या शेवटल्या प्रकारावर आमच्या वाचक-भगिनींचें काय मत पडेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं.

धांवतांना त्याचा चेहरा मात्र पाहवत नसे. मान वांकडी, जीभ बाहेर, जणूं कोणी त्यास छळीत आहे. जाणते लोक या चालीस हंसत. पण पाय घड्याळाप्रमाणें पडत असत, आणि शर्यत संपली कीं तोच मनुष्य सर्वांशीं त्यांच्या त्यांच्या भाषेंत हंसून बोलूं लागे.

इ. स. १९४८ त लंडन येथें जागतिक ऑलिंपिक सामने भरले. तेथें त्यानें १०,००० मीटरांची शर्यत जिंकून सोन्याचें पदक मिळविलें. पण त्यानंतरच्या ५,००० मीटरांच्या शर्यतीकडे आम्ही वाचकांचें लक्ष अधिक वेधूं इच्छितों. पावसानें मैदान चिखलमय झालें होतें. बेल्जमचा गास्तों राइफ पुढें निघून गेला, आणि झाटोपेक इतका मागें पडला कीं सर्वांनीं त्याची आशा सोडली. शेवटची फेरी सुरू झाल्यावर तो जणूं झोंपेंतून जागा झाला व असा धांवत सुटला कीं अंतर पाहतां पाहतां तुटलें. राइफ अवघ्या दोन-दशांश सेकंदानें जिंकला. आणखी दहा पावलें असतीं तर निकाल निराळा लागला असता, असें पाहणारे म्हणत. शक्ति होती, मधल्या फेऱ्यांत ती झोंपली होती. आमच्या मतें हा पराभव त्यास पदकापेक्षां अधिक शिकवून गेला, कारण यानंतरच त्याच्या खेपा वाढल्या.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यानें दाना इंग्रोव्हा हिच्याशीं लग्न केलें. ती भालाफेंकींत प्रवीण होती. आणि विशेष हें कीं, तिचा जन्मही ता. १९ सप्टेंबर १९२२ चाच.

इ. स. १९५१ च्या सप्टेंबरांत एका तासाच्या आंत वीस किलोमीटर धांवणारा तो जगांतील पहिला मनुष्य ठरला. पुढच्याच वर्षीं फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथें सामने व्हावयाचे होते. निघण्याच्या वेळीं एक संकट उभें राहिलें. स्टानिस्लाव्ह युंगविर्थ नांवाच्या सोबत्याचा बाप राजकीय कारणावरून तुरुंगांत होता. म्हणून सरकारनें या तरुणाचें जाणें रद्द केलें. तो येणार नसेल तर आपणही येत नाहीं, असें झाटोपेकनें कळविलें. त्या देशांत त्या दिवसांत असें करणें म्हणजे आपणच तुरुंगाची वाट धरण्यासारखें होतें. अखेर सरकार नमलें, व दोघेही गेले.

हेलसिंकीस जें घडलें तें पुन्हां कोणास साधलेलें नाहीं. ता. २० जुलै रोजीं त्यानें १०,००० मीटरांची शर्यत जिंकली. ता. २४ रोजीं ५,००० मीटरांची. हिच्या शेवटल्या वळणापूर्वीं तो चवथा होता. तेथून तिघांस मागें टाकून तो पुढें आला. चाळीस-चाळीस खेपांची मेहनत त्या शेवटल्या फेरींत दिसून आली. त्याच दिवशीं थोड्या वेळानें दानानें भालाफेंकींत सोन्याचें पदक मिळविलें. त्याच्या आदल्याच दिवशीं, त्याच नगरींत, आपल्या सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक जिंकलें होतें, हेंही येथें नमूद करणें योग्य होय.

एवढ्यावर समाधान न मानतां झाटोपेक ता. २७ रोजीं मॅरेथॉन शर्यतीस उभा राहिला. सव्वीस मैलांहून लांब अशी ही शर्यत तो जन्मांत पूर्वीं कधीं धांवला नव्हता! इंग्लंडचा जिम पीटर्स तींत सर्वांत नामांकित, म्हणून हा त्याच्याच बाजूस धांवूं लागला. कांहीं मैल गेल्यावर, ही चाल बरोबर आहे ना, असें त्यानें त्यास सरळ मनानें विचारलें. पीटर्स स्वतः थकला होता, तरी चाल फार मंद आहे असें त्यानें डावपेंचानें सांगितलें. झाटोपेकनें तें खरें मानलें व तो पुढें निघून गेला. पीटर्सच्या पायांत गोळे येऊन त्यास शर्यत सोडावी लागली, आणि झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३ सेकंदांत, दुसऱ्याच्या अडीच मिनिटें अगोदर, मैदानांत शिरला. या तिन्ही शर्यती एकाच सामन्यांत जिंकणारा त्याच्यावांचून दुसरा झालेला नाहीं.

इ. स. १९५४ त १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आंत धांवणारा तोच पहिला. यानंतर मात्र उतार लागला. इ. स. १९५६ त मेलबर्न येथील मॅरेथॉनपूर्वीं तो बायकोस खांद्यावर घेऊन सराव करीत असतां जांघेस इजा झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. शर्यतींत तो सहावा आला. जिंकला तो फ्रान्सचा आलँ मिमून. लंडन, ब्रुसेल्स, हेलसिंकी, सर्वत्र झाटोपेकच्या मागें दुसरा येत राहिलेला. मिमून शेवटच्या रेघेजवळ त्याची वाट पाहत उभा राहिला. आपण जिंकल्याचें त्यानें सांगतांच, थकून गेलेल्या झाटोपेकनें डोक्यावरची टोपी काढून त्यास वंदन केलें व मिठी मारली.

पुढील काळ कठीण आला. इ. स. १९६८ त देशांत मोकळेपणाची जी चळवळ झाली तिच्या जाहीरनाम्यावर त्यानें सही केली, आणि ऑगस्टांत रशियाचें सैन्य प्रागमध्यें शिरलें तेव्हां तो चौकांत उभा राहून त्याविरुद्ध बोलला. त्यास कर्नलच्या हुद्द्यावरून काढण्यांत आलें. मग कित्येक वर्षें जमिनींत भोंकें पाडण्याच्या व विहिरी खणण्याच्या कामावर, घरापासून दूर, चाकांवरच्या खोलींत राहून त्यानें दिवस काढले. अखेर त्याचा धीर खचला, व त्यानें आपले पूर्वींचे बोल जाहीरपणें मागें घेतले. याबद्दल त्याच्या देशांत त्यास पुष्कळांनीं दोष दिला. आम्ही ही गोष्ट झांकून ठेवीत नाहीं. परंतु जेथें फेरी केव्हां संपेल हें ठाऊक नसतें व मध्यें विसावा ठेवलेला नसतो, अशी ती शर्यत होती, हेंही वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. इ. स. १९९० त नव्या सरकारनें त्याची अब्रू परत केली. तो नोव्हेंबर २००० मध्यें प्राग येथें मरण पावला. दाना २०२० पर्यंत जगली.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा अनेक जागतिक विक्रम करणारा धांवणारा. पण ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्याच्या नशिबीं कधींच आलें नाहीं. इ. स. १९६६ त तो प्रागला आला होता. निघतेवेळीं झाटोपेक त्यास विमानापर्यंत पोंचविण्यास गेला, व त्याच्या हातांत एक लहानशी पुडी देऊन परत फिरला. विमान उडाल्यावर क्लार्कनें पुडी उघडली. आंत हेलसिंकीच्या १०,००० मीटरांचें सोन्याचें पदक होतें.