नगराध्यक्षपदापासून गृहमंत्रिपदापर्यंत : शंकरराव चव्हाण

नांदेड : शहराच्या प्रगतीचा वार्षिक हिशेब मांडताना पाणी, रस्ते आणि तिजोरी या तीन बाबी प्रथम तपासल्या जातात. या तिन्हींचा विचार शिस्तीने करणारे नेतृत्व म्हणून शंकरराव भाऊराव चव्हाण यांचे नाव मराठवाड्यात आजही आदराने घेतले जाते. देशाचे गृहमंत्रिपद भूषविणाऱ्या या नेत्याच्या कारकिर्दीचा एक महत्त्वाचा टप्पा नांदेड नगरपालिकेतील होता.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 रोजी पैठण येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलीकडे वळलेल्या या तरुणाने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात लोकाभिमुख कारभाराची घडी नव्यानेच बसवायची होती. 1952 च्या विधानसभा निवडणुकीत त्यांना पराभव पत्करावा लागला. मात्र त्यामुळे ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले नाहीत. त्याच दशकात त्यांनी नांदेडचे नगराध्यक्षपद सांभाळले. तुटपुंज्या उत्पन्नात नागरी सुविधांचा मेळ कसा घालावा लागतो, याचा अनुभव त्यांना येथे मिळाला.

1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात ते उपमंत्री झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पाटबंधारे खात्याची धुरा त्यांच्याकडे आली आणि त्यांच्या कार्याला निश्चित दिशा लाभली. बीड जिल्ह्यातील जायकवाडी येथे नियोजित असलेला गोदावरीवरील प्रकल्प पैठणला साकारला. नाव मात्र जायकवाडीच राहिले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. जन्मगावीच उभ्या राहिलेल्या या धरणाने छत्रपती संभाजीनगरसह अनेक गावांची तहान भागविली.

नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्पाचा लाभ शहराला थेट झाला. 'शंकरसागर' या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय आज नांदेड शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार आहे. या दूरदृष्टीचे मोल शेजारच्या लातूरकडे पाहिल्यावर अधिक जाणवते. 2016 मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर महापालिकेला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, तेव्हा तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. शाश्वत जलस्रोताअभावी इतर विकासकामे कशी फिकी पडतात, हे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

आर्थिक शिस्त हा शंकररावांच्या कारभाराचा दुसरा पैलू. फेब्रुवारी 1975 ते मे 1977 आणि मार्च 1986 ते जून 1988 असे दोन वेळा ते मुख्यमंत्री होते. सचिवालयाचे 'मंत्रालय' असे नामांतर त्यांच्याच काळातील. दुसऱ्या कारकिर्दीत राज्याने शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला. मागील वर्षाच्या आकड्यात थोडी भर घालण्याऐवजी प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करावी, हे त्याचे तत्त्व. कडक शिस्तीमुळे त्यांना 'हेडमास्तर' म्हटले जाई. या स्वभावामुळे अनेक सहकारी दुरावले, तरी त्यांनी कार्यपद्धती बदलली नाही. केंद्रात त्यांनी संरक्षण, अर्थ व गृह ही खाती सांभाळली. 26 फेब्रुवारी 2004 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, 1997 मध्ये नांदेड-वाघाळा महापालिका अस्तित्वात आली. लातूरला हा दर्जा 2011 मध्ये मिळाला. जकात आणि स्थानिक संस्था कर इतिहासजमा झाल्यानंतर या दोन्ही महापालिकांची भिस्त मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि शासनाच्या अनुदानावर आहे. कराची वसुली रखडली की जलवाहिन्यांची दुरुस्ती रखडते आणि धरण भरलेले असूनही नळ कोरडे राहतात. धरण बांधून देणारा नेता एखाद्या पिढीला लाभतो. ते पाणी घरोघरी पोहोचविण्याची जबाबदारी मात्र दरवर्षी नव्याने पार पाडावी लागते. शंकररावांच्या जीवनकार्यातून दोन्ही शहरांच्या कारभाऱ्यांनी घ्यावा, असा हा धडा आहे.