धरणगावचा आउट्रम

माहेरच्या वाटेवर धरणगाव लागतं. इथे १६७४ साली इंग्रजांनी कापडाची वखार घातली. दुसऱ्याच वर्षी शिवरायांच्या फौजेने ती लुटली. पुढे १८२५मध्ये याच गावी जेम्स आउट्रम आला. बाप लहानपणीच गेलेला, आईने हलाखीत वाढवलेला, वय अवघं बावीस. आधी त्याने भिल्लांवर हल्ला केला. मग त्यांच्यात बसून, शिकारीला जाऊन विश्वास मिळवला आणि भिल्ल पलटण उभारली. १८३५ला तो खानदेशातून गेला, १८६३ला वारला. कंपनीचाच चाकर तो! पण त्या पलटणीतले शिपाई आपलेच होते ना? मैत्रिणींनो, सुटीत मुलांना धरणगाव दाखवा. जुनी भिंत पाडण्याआधी ती कोणाची, एवढं तरी विचारू या.