जॅकलिन द्यू प्रे: बोटांनी साथ सोडली तेव्हा

ऑफिसच्या बसमध्ये मी एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो ऐकतो. रेकॉर्डिंग १९६५ चं, वाजवणारी जॅकलिन द्यू प्रे, वय फक्त २०!

जन्म १९४५, ऑक्सफर्ड. १९७१ च्या सुमारास तिची बोटं बधिर व्हायला लागली. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेवटच्या कार्यक्रमांत तर बोटं तारेवर कुठे पडतायत हे तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं. त्याच वर्षी निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन, म्हणजे वायरवरचं इन्सुलेशन म्हणा, कुरतडते.

तिलाच का? तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. योगायोग बघा, एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये सापडला तो लंडनमध्येच, ती तिथे गाजत असताना. २०२२ मध्ये एक कोटीहून जास्त अमेरिकन सैनिकांच्या नोंदींतून कळलं की याच्या संसर्गानंतर धोका ३२ पट होतो. पण हा विषाणू बहुतेक प्रौढांमध्ये असतोच, कदाचित तुमच्या-माझ्यातही. जनुकांचाही हात लागतो: एचएलए-डीआरबी१*१५:०१ असेल तर धोका साधारण तिप्पट. तेही एकटं पुरत नाही. एका ओळीत बग शोधायची माझी सवय इथे कामाची नाही.

चेलो सुटल्यावर ती शिकवत राहिली. १९ ऑक्टोबर १९८७ ला लंडनमध्ये गेली. वय ४२.