मानसशास्त्राचा वकील : ऑटो क्लाइनबर्ग

(द्वितीय वर्ष कला)

मानसशास्त्र घेऊन पुढे काय होणार, हा प्रश्न मला घरात, पारावर आणि एस. टी.त सारखाच विचारला जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. वेड्यांचा डॉक्टर होणार का, इथपर्यंत त्यांची कल्पना पोहोचते. मानसशास्त्रज्ञ राष्ट्राराष्ट्रांच्या बैठकीत जाऊन बसतो, धोरणे ठरत असताना आपल्या शास्त्राला काय कळले आहे ते सांगतो, आणि हे काम पुष्कळदा बिनपगारी करतो, हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात वंशभेदाच्या प्रकरणात ऑटो क्लाइनबर्ग हे नाव दोन ओळींत येऊन जाते. परीक्षेला त्या दोन ओळी पुरतात. परंतु त्या ओळींमागचा माणूस मला इतका आवडला की त्याच्याविषयी चार पाने लिहावीत असे वाटले.

क्लाइनबर्ग यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९९ रोजी कॅनडातील क्वेबेक शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातून ते बी. ए. झाले, हार्वर्डला तत्त्वज्ञानात एम. ए. केले, पुन्हा मॅक्गिलला येऊन १९२५ साली वैद्यकाची पदवी घेतली. एवढे झाल्यावर कोणीही दवाखाना थाटून बसला असता. हे गृहस्थ मात्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९२७ साली डॉक्टरेट मिळवली. कोलंबिया म्हटले की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले, म्हणजे दोघांची विद्यार्थिदशेत गाठ पडणे शक्य नव्हते. पण १९५२ साली त्या विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मान्य पदवी दिली, तेव्हा क्लाइनबर्ग तेथेच प्राध्यापक होते. जन्मावरून माणसाची लायकी ठरत नाही, हे दोघांनीही आयुष्यभर आपापल्या वाटेने मांडले.

त्या काळच्या अमेरिकेत काय चालले होते हे ध्यानात घेतल्याशिवाय क्लाइनबर्ग यांच्या कामाची किंमत कळणार नाही. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी लाखो जवानांच्या बुद्धिमापन चाचण्या घेण्यात आल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहिले की उत्तर युरोपातील नॉर्डिक वंश बुद्धीने श्रेष्ठ, बाकीचे खालचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांवर कडक बंधने घालणारा कायदा केला. त्या कायद्यामागे इतरही कारणे होती, पण शास्त्राचा शिक्का असला की अन्यायालाही वजन येते. ब्रिगहॅमने १९३० साली आपले निष्कर्ष मागे घेतले, तोवर कायदा होऊन सहा वर्षे लोटली होती.

क्लाइनबर्ग यांच्यावर मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या शिकवणीचा मोठा प्रभाव पडला. ते वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या आदिवासी जमातीच्या मुलांमध्ये गेले आणि त्यांना लाकडी ठोकळे व आकृत्या जुळवण्याच्या चाचण्या दिल्या. शक्य तितक्या लवकर करा, असे सांगूनही ती मुले सावकाश, विचार करून ठोकळा बसवीत. वेळ जास्त लागे, परंतु चुका गोऱ्या मुलांपेक्षा कमी होत. ज्या जमातीत घाई करणे हा गुण मानलाच जात नाही, तेथल्या मुलाला घड्याळ लावून मोजले तर घड्याळ बुद्धी मोजते की सवय?

हा भाग मी दोनदा वाचला. माझ्याबरोबर शाळेत एक मुलगा होता. गणिते बरोबर सोडवायचा, पण हळू. शिष्यवृत्ती परीक्षेत घंटा झाली तेव्हा त्याचा निम्मा पेपर कोरा होता. मठ्ठ म्हणून त्याची गणती झाली ती कायमची. आज तो आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. शाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही, अशा शाळा पुष्कळ आहेत.

पुढे क्लाइनबर्ग शिष्यवृत्तीवर युरोपात गेले. जर्मनी, फ्रान्स व इटली या देशांत ज्यांना नॉर्डिक, अल्पाइन, भूमध्यसागरी वंश म्हणत, त्यांतील मुलांच्या चाचण्या त्यांनी घेतल्या. खेडी निवडली, तशी पॅरिस, हॅम्बुर्ग, रोम ही शहरेही निवडली. वंशावंशांत म्हणण्यासारखा फरक निघेना. शहर आणि खेडे यांत मात्र ठळक निघाला. म्हणजे फरक रक्ताचा नसून शाळेचा व संधीचा!

त्यांचे सर्वांत नावाजलेले काम १९३५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेत न्यूयॉर्ककडे येत होती आणि तेथील त्यांच्या मुलांचे गुण दक्षिणेतल्या मुलांपेक्षा जास्त पडत. वंशश्रेष्ठत्ववाद्यांकडे उत्तर तयार होते, की हुशार होते तेवढेच गाव सोडून आले. आपल्याकडेही हे बोलणे रोजचे आहे. अक्कल होती ते मुंबई-पुण्याला गेले, मागे उरला तो गाळ, असे खुद्द गावातली माणसे म्हणतात, आणि ऐकणारी पोरे मान खाली घालतात. क्लाइनबर्ग यांनी यावर वाद घातला नाही, तपास केला. बर्मिंगहॅम, नॅशव्हिल व चार्ल्स्टन या दक्षिणेतील शहरांच्या शाळांची जुनी दप्तरे काढून, जी मुले गाव सोडून गेली त्यांचे गुण आणि जी राहिली त्यांचे गुण ताडून पाहिले. गेलेली मुले सरासरीने राहिलेल्यांपेक्षा हुशार नव्हती. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये मूल जितकी जास्त वर्षे राहिले तितके त्याचे गुण वाढलेले दिसले. त्यांचा निष्कर्षही किती जपून काढलेला! सर्व वंश समान आहेत हे सिद्ध झाले, असा दावा त्यांनी केला नाही. ते असमान आहेत याला पुरेसा पुरावा नाही, एवढेच ते म्हणाले. सभेत टाळ्या मिळवणारे हे वाक्य नव्हे. परंतु ते खोडून काढणे अवघड होते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ साली युनेस्को स्थापन झाली. युद्धाची सुरुवात माणसांच्या मनात होते, या विचारानेच तिची घटना सुरू होते. मनातच सुरुवात होत असेल तर मानसशास्त्रज्ञांना बोलावणे आलेच. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठात दोन वर्षे शिकवून आलेल्या क्लाइनबर्ग यांनी १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय तणावांविषयीच्या संशोधन प्रकल्पाची सूत्रे सांभाळली. अशाच कामाच्या ओघात १९५० साली गार्डनर मर्फी हे दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आले आणि फाळणीनंतरच्या जातीय तणावाचा अभ्यास त्यांनी भारतीय संशोधकांना बरोबर घेऊन केला.

जुलै १९५० मध्ये युनेस्कोने वंशाविषयीचे निवेदन जाहीर केले. त्याच्या मसुद्यावर ज्यांच्या सूचना घेऊन फेरफार झाले त्यांत क्लाइनबर्ग होते. शास्त्राला परवडेल त्यापेक्षा जास्त बोलले गेले, अशी टीका जीवशास्त्रज्ञांनी केली आणि १९५१ साली दुसरे, अधिक सावध निवेदन तयार करावे लागले. माझ्या मते यात नामुष्की काहीच नाही. त्याच वर्षी क्लाइनबर्ग यांची वंश आणि मानसशास्त्र या विषयावरील छोटी पुस्तिका युनेस्कोने काढली. अशा पुस्तिकांनी काय होते, असे कोणी म्हणेल. पण १९५५ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने युनेस्कोतून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि वंशप्रश्नावरील युनेस्कोची प्रकाशने हे त्याचे एक कारण दिले. तो देश परतला तो १९९४ साली. कागदाला कोणी भीत नाही असे नाही.

अमेरिकेतही शाळांतील वर्णभेदाविरुद्धचे खटले उभे राहत होते. वकिलांनी क्लाइनबर्ग यांचा सल्ला विचारला, तेव्हा त्यांनी आपले विद्यार्थी केनेथ क्लार्क यांचे नाव सुचवले. स्वतः त्यांनी डेलावेअर राज्यातील खटल्यात साक्ष दिली आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या तीसहून अधिक समाजशास्त्रज्ञ-मानसशास्त्रज्ञांच्या निवेदनावर सही केली. १७ मे १९५४ रोजी निकाल लागला, की रंगावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांचे नाव आले, गुरूचे नाही. शिष्याला पुढे करून आपण मागे राहणारे प्राध्यापक मला विशेष आदरणीय वाटतात. (आमच्या विभागातील सरांनी हे वाक्य आपल्याविषयी आहे असे समजण्यास हरकत नाही.)

त्यावेळी क्लाइनबर्ग पॅरिसला होते. १९५३ ते १९५५ या काळात त्यांनी युनेस्कोच्या एका विभागाचे संचालकपद सांभाळले. ते पगारी पद होते. परंतु १९५१ साली स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचे काम मानद होते. तेथे ते आधी सरचिटणीस होते, मग १९६० ते १९६३ अध्यक्ष. पुढे जागतिक मानसिक आरोग्य महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. अशा संघटनांना राष्ट्रसंघात स्थान मिळते ते सनदेच्या ७१ व्या कलमामुळे. आर्थिक व सामाजिक परिषदेने बिगरसरकारी संघटनांशी सल्लामसलत करावी अशी त्यात तरतूद आहे. प्रतिनिधीला मत नसते. तो निवेदन देतो, मसुद्यातला एखादा शब्द बदलावा म्हणून शिष्टमंडळांच्या मागे लागतो आणि पुढच्या बैठकीला पुन्हा येतो. आजही मानसशास्त्राच्या अनेक संघटनांचे प्रतिनिधी आपली नोकरी वा निवृत्ती सांभाळून हे काम करतात. शब्द बदलून पोट भरत नाही, असे आमचे आबा म्हणतील. पण रेशनकार्डावरचा एक शब्द चुकला की काय होते ते त्यांनाच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

उतारवयात क्लाइनबर्ग पॅरिसलाच राहिले. तेथून त्यांनी परक्या देशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांचा अनेक देशांत मिळून अभ्यास केला. नव्या ठिकाणी ती मुले कशी रुळतात, एकटी कशी पडतात, कोणाशी मैत्री करतात, हे त्यात पाहिले. फ्रँक हल यांच्यासमवेत लिहिलेले ते पुस्तक १९७९ साली आले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. १९८२ साली ते न्यूयॉर्कला परतले आणि तेथील सिटी युनिव्हर्सिटीत पुन्हा शिकवू लागले. ६ मार्च १९९२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे त्यांचे निधन झाले.