११ मिलिग्रॅमचा फरक: लॉर्ड रॅले यांची गोष्ट

फोनमधला कंपास भलतीच दिशा दाखवायला लागला की फोन हवेत इंग्रजी आठ काढायला सांगतो. ते कॅलिब्रेशन. केमिकल लॅबमध्येही सॅम्पल लावण्याआधी मशीन तपासतात: आधीच माहीत असलेलं वजन किंवा द्रावण देऊन उत्तर बरोबर येतंय का ते बघतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातूनच एका माणसाला हवेत लपलेलं मूलद्रव्य सापडलं.

जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच लॉर्ड रॅले, यांचा जन्म १८४२चा, इंग्लंडमधला. घरची जमीनदारी, तब्येत मात्र नाजूक. आकाश निळं का दिसतं याचं गणित त्यांनीच मांडलं. १८७९ ते १८८४ ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते, मग टर्लिंगला परतून घरच्याच लॅबमध्ये रमले. तिथे ते वायूंचं वजन करत.

पद्धत ऐकायला सोपी. काचेचा गोळा पंपाने रिकामा करून तोलायचा, मग वायू भरून तोलायचा आणि वजाबाकी करायची. पण खोलीतली हवा गोळ्याला थोडं वर उचलते आणि हवेचा दाब रोज बदलतो. म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकाराचा गोळा ठेवायचा. आणखी एक चूक अशी, की आतली हवा काढली की बाहेरच्या दाबाने काच किंचित आक्रसते. गोळा लहान झाला की हवेचा आधार घटतो आणि रिकामा गोळा जड भरतो. रेन्यो यांच्यासारख्या मोजमापातल्या दिग्गजाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. रॅलेंनी १८८८ मध्ये ते दाखवून दिलं.

मग नायट्रोजनची पाळी आली. हवा तापलेल्या तांब्यावरून नेली की ऑक्सिजन तांब्यात अडकतो, उरतो नायट्रोजन. दुसऱ्या पद्धतीत हवा आधी अमोनियातून न्यायची, त्यामुळे थोडा नायट्रोजन अमोनियातूनही येतो. दोन्ही वजनांत हजारात एक एवढाच फरक निघाला. आपण काट्याला दोष देऊन मोकळे झालो असतो! पण रॅलेंचा काटा आधीच तावूनसुलाखून निघाला होता. त्यांनी उलट केलं, फरक वाढवून बघितला. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच यावा. फरक थेट दोनशेत एक झाला. (बग पुन्हा पुन्हा घडवता आला की अर्धं काम झालं, हे कुठलाही प्रोग्रामर सांगेल.) इतर रसायनांतून काढलेला नायट्रोजनही हलकाच निघाला. त्याच गोळ्यात हवेतला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरे, रसायनांतला २.२९९. रसायनांतला वायू आठ महिने साठवून पुन्हा तोलला, तरी तो जड झाला नाही.

१८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र छापून वाचकांनाच कारण विचारलं. पुढे विल्यम रॅम्से या कोड्यात सामील झाले आणि १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं, की हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये एक जड, कशाशीच संयोग न पावणारा वायू मिसळलेला आहे. तोच अरगॉन. हवेत तो जवळजवळ १ टक्का आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त!

१९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्सेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रॅलेंनी बक्षिसाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. १९१९ मध्ये टर्लिंगलाच त्यांचं निधन झालं.