चहाचा पेला आणि न्यायमूर्तींचे प्रायश्चित्त

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. शहरातील नामवंत मंडळी त्यास उपस्थित होती. व्याख्यान आटोपल्यावर मिशनच्या मंडळींनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरला आणि तसाच खाली ठेवला. पुढे या उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात गहजब उडाला. नावे फोडणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. सुधारकांच्या उक्तीत आणि कृतीत किती अंतर आहे, ते चव्हाट्यावर आणण्याची त्यांना भारी हौस. यादीत बाळ गंगाधर टिळकांचे नाव होते, तसेच महादेव गोविंद रानडे यांचेही होते.

धर्माचार हा श्रद्धेचा भाग किती आणि मनावर टाकलेल्या दबावाचा भाग किती, याची चर्चा आज मानसशास्त्राच्या परिभाषेत केली जाते. रानडे यांच्या काळी ही परिभाषा नव्हती. त्या दबावाला एक रोखठोक नाव मात्र होते, ते म्हणजे ग्रामण्य. ज्याच्यावर ग्रामण्य आले त्याच्या घरी भटजी श्राद्धाला येत नसे, पंगतीला त्याचे पान मांडले जात नसे, त्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे. त्याच्याशी व्यवहार ठेवणाराही दोषी ठरे. त्यामुळे शिक्षा एकाला होई, पण ती भोगणारे दहा जण असत. ग्रामण्याची खरी ताकद या दहा जणांत होती.

रानडे यांनी ही ताकद तरुणपणापासून पाहिली. १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांमध्ये महादेवरावांची गणना होते. १८६२ मध्ये ते बी. ए. झाले, १८६४ मध्ये एम. ए. आणि पाठोपाठ कायद्याचे पदवीधर. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याचे ते लवकरच आधारस्तंभ बनले. बंगालमधील ब्राह्मो समाजाप्रमाणे ज्ञातीपासून फारकत घेण्याचा मार्ग प्रार्थना समाजाने पत्करला नाही. समाजात राहूनच समाज बदलायचा, ही रानडे यांची धारणा होती. तिची किंमत त्यांना आयुष्यभर द्यावी लागली.

विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने जून १८६९ मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह झाला. त्यात सहभागी झालेल्यांवर शंकराचार्यांच्या पीठाकडून बहिष्कार पडला आणि तो रानडे यांच्याही वाट्याला आला. पुढच्याच वर्षी पुण्यात पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे की नाही, यावर मोठा वाद झाला. निकाल सुधारकांच्या विरोधात गेला. इथवर रानडे डगमगले नव्हते.

कसोटीचा क्षण आला तो घरात. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखुबाई वारल्या. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. पुनर्विवाहाचा हा पुरस्कर्ता आता एखाद्या विधवेशीच विवाह करील, अशी मित्रांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. गोविंदरावांनी घाईने देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरवली. मुलाने लग्न टाळू पाहिले, मुदत मागितली. वडिलांनी नाते तोडण्याची भाषा केली. रानडे नमले. त्याच वर्षी लग्न झाले आणि सुधारकांच्या वर्तुळात त्यांची जन्मभराची नाचक्की झाली. येथे कोणी पोथी उघडली नव्हती, कोणी शास्त्रार्थ केला नव्हता. वृद्ध पित्याचा दुरावा पुरेसा ठरला.

ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. रानडे यांनी त्यांना स्वतः शिकवायला घेतले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी आपले ग्रामण्य सुरू केले. टोमणे, अबोला आणि सोवळ्याओवळ्याचे नियम ही त्यांची शस्त्रे होती. इंग्रजी शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाईंची शिकवणी झाली की स्नान केल्यावाचून स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. रानडे यांनी पत्नीचे शिक्षण थांबवले नाही, पण घरातल्या बायकांशी भांडलेही नाहीत. त्यांनी रमाबाईंना सोसायला सांगितले. या सहनशीलतेला मोठेपण म्हणण्याचा प्रघात आहे; सोसणारी व्यक्ती मात्र दुसरीच होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

बाहेरचा विरोध त्यांना इतका जड गेला नाही. १८७५ मध्ये स्वामी दयानंद पुण्यात आले, तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत रानडे चालले. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. अंगावर चिखल घेऊन ते शांतपणे घरी परतले. चिखल परक्यांनी फेकला होता.

चहाच्या प्रकरणात मात्र पुन्हा आपलीच माणसे मधे आली. फिर्याद शंकराचार्यांकडे गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांना स्वतःला प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती आणि बहिष्काराचीही फारशी क्षिती नव्हती. पण यादीतील काही मित्रांची घरे त्यात होरपळत होती. घरातली वृद्ध माणसे रडत होती, कार्ये अडली होती. रानडे प्रायश्चित्त घेत असतील तर आपल्यालाही घेता येईल, अशी त्यांची विनवणी होती. १८९२ मध्ये सुटीसाठी लोणावळ्यास असताना ते पुण्यास आले, विधी उरकला आणि परत गेले.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने रेषांच्या लांबीचे प्रसिद्ध प्रयोग केले. सारा गट चुकीचे उत्तर देत असेल तर डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून सुमारे तीनचतुर्थांश माणसे निदान एकदा तरी गटामागे जातात, असे त्यांत आढळले. गटात एक जण जरी वेगळे बोलला तरी हा दबाव बराच ओसरतो, असेही दिसले. मित्र रानडे यांच्याकडे का आले, याचे उत्तर यात आहे. मात्र त्यांना न झुकणारा सोबती नको होता. आपल्याबरोबर झुकणारा हवा होता.

एवढ्यावरून सर्व धर्माचार म्हणजे मनाची फसवणूक, असा निष्कर्ष काढावा काय? रानडे यांचेच आयुष्य त्याच्या आड येते. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणण्यात ते देहभान विसरत. ते म्हटले नाहीत म्हणून कोणी त्यांची पंगत तोडणार नव्हते. महाराष्ट्राच्या संतपरंपरेत त्यांना मराठी सत्तेच्या उदयाचे मूळ दिसले आणि १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात त्यांनी ते मांडले. अभंग आणि प्रायश्चित्त दोन्ही एकाच धर्मातले, एकाच माणसाने केलेले. पहिले नाकारायला काही मोजावे लागत नव्हते, दुसऱ्याला नकार देण्याची किंमत मित्रांच्या घरांतून वसूल होत होती.

१८९५ च्या पुणे काँग्रेसवेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू देणार नाही, असा हट्ट विरोधकांनी धरला. मंडप जाळण्याची धमकीही निघाली. तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले रानडे येथेही मागे सरले आणि परिषद दुसऱ्या जागी भरवली. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रायश्चित्ताची हकिकत पुढे रमाबाईंनी लिहिली. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. ज्या घरात त्यांच्या हाती पुस्तक दिसले की अबोला धरला जाई, त्याच घराची सगळी कहाणी त्यात आहे. तोवर त्या पुण्यात सेवासदनाचे काम पाहू लागल्या होत्या आणि तेथे विधवाही शिकत होत्या.